दाढ ठणकतेय, गाल सुजलाय: कुणाकडे जायचं, कधी आणि काय सांगायचं

दाढ दुखायला लागली की बहुतेक घरांत क्रम ठरलेला असतो. आधी लवंग, मग मेडिकलमधून आणलेली ‘दाढेची गोळी’, मग फॅमिली डॉक्टर आणि गाल टम्म सुजला की दातांचा डॉक्टर. म्हणजे ज्याच्या हातात खरा उपाय आहे तो सगळ्यात शेवटी. यात थोडा आळस असतो, खर्चाची धास्ती असते, इंजेक्शनची भीती असते. पण गोंधळही तितकाच असतो. दातांच्या दवाखान्यात नक्की कोण काय करतं, रविवारी रात्री कुठे जायचं, कुठलं दुखणं सकाळपर्यंत थांबू शकतं, हे कुणी सांगितलेलंच नसतं. पुढचं सगळं त्यासाठी, आणि मुख्यतः महाराष्ट्र डोळ्यांसमोर ठेवून.

आधी आरशासमोर उभं राहा

दाताची कळ जीव नकोसा करते, पण कळ किती आहे यावरून धोका किती आहे हे कळत नाही. दाताच्या आतली नस सुजली की रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही, तरी त्यानं जिवाला धोका नसतो. उलट नस मेली, मुळाशी पू साचला आणि त्यानं हाडातून बाहेर वाट काढली की कळ एकदम उतरते. ‘बरं झालं, थांबली’ म्हणून माणूस झोपतो आणि सकाळी उठतो तर हनुवटीखाली सूज. म्हणून कळ बाजूला ठेवून चांगल्या उजेडात पुढच्या गोष्टी तपासा.

तोंड उघडा. स्वतःचीच तीन बोटं (तर्जनी, मध्यमा, अनामिका) एकावर एक रचून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये घालून बघा. मोठ्या माणसाची तीन बोटं साधारणपणे मावतात. काल मावत होती आणि आज जेमतेम एक जात असेल तर संसर्ग जबडा हलवणाऱ्या स्नायूंपर्यंत पोचलाय असं धरून चाला. (गुटखा-सुपारी खाणाऱ्यांचं तोंड महिनोन् महिने हळूहळू मिटत जातं, ते वेगळं प्रकरण. ते आज रात्री पळापळ करण्यासारखं नाही, पण त्यातून कर्करोग होऊ शकतो, म्हणून तेही दाखवायलाच हवं.)

मग जीभ टाळूला लावा आणि तिच्याखालचा भाग बघा, बोटानं दाबा. तो मऊ लागायला हवा. त्यानंतर घोटभर पाणी प्या. शेवटी जबड्याच्या कडेवरून बोट फिरवत खाली गळ्याकडे या आणि सूज कुठे संपते ते बघा.

आता निर्णय. यातलं एकही लक्षण असेल तर दातांचा दवाखाना शोधत बसू नका, मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा किंवा १०८ ला फोन करा:

- पाणी किंवा स्वतःची थुंकी गिळता येत नाही, लाळ बाहेर गळतेय
- जिभेखाली टणक फुगवटा आहे, जीभ वर उचलल्यासारखी झालीय, आवाज घोगरा किंवा बोबडा झालाय
- आडवं झालं की श्वास अडकतो, बसून राहावंसं वाटतं
- सूज हनुवटीखालून गळ्यात उतरतेय किंवा वर चढून डोळा मिटतोय
- सुजेबरोबर थंडी वाजून ताप आहे आणि माणूस ग्लानीत आहे
- तोंडावर मार लागलाय आणि दात पूर्वीसारखे एकमेकांवर बसत नाहीत, म्हणजे जबडा मोडल्याची शंका आहे

पहिल्या तीन लक्षणांमागे लुडविग अँजायना नावाचा आजार असू शकतो. खालच्या मागच्या दाढांतला संसर्ग जिभेखाली आणि गळ्याच्या वरच्या भागात दोन्ही बाजूंना पसरतो आणि श्वासाची वाट बंद करतो. तिथे आधी श्वासमार्ग सांभाळावा लागतो, म्हणून भूलतज्ज्ञ आणि ऑपरेशन थिएटर असलेलंच ठिकाण हवं. गल्लीतल्या दवाखान्यातला डॉक्टर कितीही हुशार असला तरी त्याच्याकडे ते नसतं. डायबेटिसच्या माणसात हा पसारा वेगानं वाढतो, तेव्हा अशा माणसाची साधी वाटणारी सूजही त्याच दिवशी दाखवा.

सूज नाही, ताप नाही, फक्त कळ आहे? मग सकाळपर्यंत थांबता येतं. थांबायचं ते सकाळपर्यंतच, पुढच्या महिन्यापर्यंत नाही.

दात दुखतोय, पण दोष दाताचा नाही

जिना चढताना खालचा जबडा दुखतो, थांबलं की उतरतो, सोबत घाम किंवा छातीवर दडपण आहे, हे दाताचं नाही, हृदयाचं असू शकतं. तिथे ईसीजी निघतो असं रुग्णालय गाठा. वरच्या मागच्या तीन-चार दाढा एकदम जड होऊन दुखतात आणि खाली वाकलं की ठणकतात, सर्दीही आहे, तर बहुधा सायनस. गालाला वारा लागला तरी विजेचा झटका बसल्यासारखी क्षणभराची कळ येत असेल तर तो चेहऱ्याच्या नसेचा आजार असू शकतो. त्यात एकामागून एक चांगल्या दाढा काढून घेतलेली माणसं भेटतात, कळ मात्र तशीच. लहान मुलाचा कानाखालचा भाग सुजला आणि दात धडधाकट असतील तर गालफुगी आठवा.

रात्र काढायची तर

पोटात अल्सर, किडनीचा विकार, दमा, रक्त पातळ करायची गोळी, गर्भारपण यातलं काही नसेल तर निरोगी मोठ्या माणसानं जेवणानंतर आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम घेतली तर दाताच्या कळेला चांगला उतार पडतो. दोन डोसांत सहा ते आठ तासांचं अंतर हवं. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या बऱ्याच ‘दाढेच्या गोळ्यां’त या दोन्ही औषधांचं मिश्रण असतं, तेव्हा पाकिटावरची नावं वाचल्याशिवाय वर आणखी पॅरासिटामॉल घेऊ नका. वरच्या यादीतलं काही असेल तर आयबुप्रोफेन सोडा आणि डॉक्टरांना विचारा. पावसाळ्यात ताप असेल आणि डेंग्यूची साथ चालू असेल तर आयबुप्रोफेन नकोच.

लवंगतेल चालतं, पण कापसाच्या बोळ्याला लावून तो पिळून, फक्त किडलेल्या खड्ड्यात. हिरडीला चोळलं तर हिरडी भाजते. अ‍ॅस्पिरिनची गोळी दाढेशी धरून ठेवणं हाही असाच भाजण्याचा प्रकार. दुखऱ्या दाताला मिश्री लावणं तर पूर्ण थांबवा. ती भाजलेली तंबाखूच आहे, आणि ‘दातासाठी’ म्हणून सुरू झालेली मिश्री पुढे सुटत नाही हे आपल्या गावागावांतल्या बायका सांगतील. सुजेवर बाहेरून गरम शेक देऊ नका, हळद-चुन्याचा लेप नको. कोमट मिठाच्या पाण्यानं चूळ भरा, डोक्याखाली दोन उशा घ्या, आडवं झालं की ठणका वाढतो तो त्यानं थोडा कमी होतो.

राहिलं अँटिबायोटिक, आणि इथे माझं मत ठाम आहे: मेडिकलवाल्याकडून चार कॅप्सूल मागून आणायच्या नाहीत. सुजलेल्या नसेच्या कळेवर अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही, कारण तिथे पू नसतो, दाताच्या बंद खोलीत सुजलेली नस असते. पू झाला असेल तर तो बाहेर काढावा लागतो. दात उघडून, चीर देऊन किंवा दात काढून. सूज पसरतेय, ताप आहे, प्रतिकारशक्ती कमी आहे तेव्हा या औषधांची जोड लागते आणि ती डॉक्टर लिहून देतील. कायद्यानंही ही औषधं चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत.

दवाखान्यात कोण कोण असतं

१९४८ च्या दंतवैद्यक कायद्यानं तीन प्रकारची माणसं ओळखली: डेंटिस्ट, डेंटल हायजिनिस्ट आणि डेंटल मेकॅनिक. २०२३ मध्ये संसदेनं राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा केला, पण रुग्ण म्हणून समजून घ्यायची कामाची वाटणी मुळात तीच आहे.

डेंटिस्ट म्हणजे किमान बीडीएस: चार वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप. दात तपासणं, एक्स-रे काढून वाचणं, भूल देणं, सिमेंट भरणं, रूट कॅनाल करणं, दाढ काढणं, औषध लिहिणं, हे सगळं बीडीएस डॉक्टर करू शकतात. तातडीच्या दुखण्यासाठी ‘एमडीएसच हवा’ असा हट्ट धरायचं कारण नाही. एमडीएस पुढची तीन वर्षं शिकून नऊ शाखांपैकी एकीतले तज्ज्ञ होतात. त्यातल्या आपल्या तातडीला लागणाऱ्या शाखा तीनच: रूट कॅनालवाले, ज्यांना एंडोडॉन्टिस्ट म्हणतात, तोंड आणि जबड्याचे सर्जन, म्हणजे आडवी अक्कलदाढ, पसरलेली सूज, मोडलेला जबडा यांचे मालक, आणि लहान मुलांचे दंततज्ज्ञ. तारा लावणारे, कवळी करणारे, हिरड्यांचे तज्ज्ञ यांची गरज नंतर, निवांतपणे.

शहरांतल्या बऱ्याच दवाखान्यांत हे तज्ज्ञ रोज नसतात. ‘आरसीटीसाठी मॅडम शनिवारी येतात’ (आरसीटी म्हणजे रूट कॅनाल) हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल. यात गैर काही नाही. फक्त विचारून घ्या की आजची कळ आजचे डॉक्टर थांबवतील ना, आणि शनिवारी येणाऱ्या मॅडम कुठल्या शाखेच्या.

हायजिनिस्टचं काम दात साफ करणं, पॉलिश करणं आणि निगा शिकवणं. परदेशातले मराठी नातेवाईक ‘आमच्याकडे सफाई हायजिनिस्ट करते’ म्हणतात; आपल्याकडे हायजिनिस्ट फार थोडे, सफाई बहुतेक ठिकाणी डॉक्टरच करतात. मेकॅनिक, म्हणजे ज्याला आपण ‘लॅबवाला’ म्हणतो, तो कॅप, ब्रिज, कवळी बनवतो, दुरुस्त करतो. पण तो काम करतो ते डॉक्टरांनी पाठवलेल्या मापावर. त्यानं तुमच्या तोंडात हात घालायचा नाही.

हे इतकं ठासून सांगायचं कारण बाजारात ‘फिक्स दात बसवून मिळतील’ अशा पाट्या लावून बसलेले लोक. पडलेल्या दाताच्या जागी प्लॅस्टिकचा दात ठेवायचा, शेजारच्या चांगल्या दातांना तार गुंडाळायची आणि वरून अ‍ॅक्रिलिकचं मिश्रण ओतून घट्ट करायचं, अशी ती पद्धत. स्वस्तात आणि तासाभरात होतं. मग त्याच्याखाली अन्न कुजतं, हिरडी सडते, तारेनं जखडलेले चांगले दात हलायला लागतात. पुढे दवाखान्यात ते सगळं ड्रिलनं कापून काढावं लागतं आणि एका दाताच्या जागी तीन जातात.

खुर्चीशेजारी उभी असते ती असिस्टंट, जिला बरेचजण ‘सिस्टर’ म्हणतात. बहुतेक असिस्टंट त्याच दवाखान्यात काम करत शिकलेल्या असतात. थुंकी ओढणारी नळी धरणं, साहित्य पुढे करणं, अवजारं निर्जंतुक करून पाकिटबंद ठेवणं हे त्यांचं काम. पाकीट तुमच्यासमोर फोडलं जातंय ना, एवढं बघा. विचारायला लाजू नका. इंजेक्शन देणं किंवा दात काढणं हे त्यांचं काम नाही. आणि काउंटरवरची व्यक्ती? तातडीच्या दिवशी तीच सगळ्यात महत्त्वाची, कारण तुम्हाला आज आत घ्यायचं की परवाची वेळ द्यायची हे आधी तिच्या लक्षात यावं लागतं.

डॉक्टर खरे आहेत का हे बघायचं तर भिंतीवरचं महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचं नोंदणी प्रमाणपत्र बघा. चिठ्ठीवरही नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक असायला हवा.

फोनवर काय बोलायचं

‘दाढ खूप दुखतेय, लवकर नंबर द्या’ असं दिवसभरात सगळेच म्हणतात. त्याऐवजी असं बोलून बघा:

“नमस्कार, माझ्या वडिलांसाठी फोन केलाय. वय ६२, डायबेटिस आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. उजवीकडची खालची शेवटची दाढ तीन दिवस दुखतेय, काल संध्याकाळपासून गाल सुजलाय. ताप १०१ आहे. पाणी गिळता येतंय, तोंड दोन बोटं उघडतंय. डॉक्टर आज बघतील का? नाही जमलं तर आज कुणाकडे नेऊ?”

अर्ध्या मिनिटात सगळं आलं: वय, आजार, औषध, जागा, सूज, ताप, गिळणं. शेवटचा प्रश्न विसरू नका. दवाखाना बंद असला किंवा गर्दी असली तरी डॉक्टर आपल्या ओळखीच्या सहकाऱ्याचा नंबर सहसा देतात.

जाताना चालू गोळ्यांची पाकिटं, जुने एक-दोन एक्स-रे, शुगरचा ताजा आकडा आणि कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी असेल तर तिचं नाव एवढं न्या. हाडं ठिसूळ झाली म्हणून सहा महिन्यांनी किंवा वर्षानं घ्यायचं इंजेक्शन चालू असेल तर ते आवर्जून सांगा. त्या औषधांमुळे दाढ काढल्यावर जबड्याचं हाड भरून यायला अडचण येऊ शकते. रक्त पातळ करायची गोळी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही. उपाशीपोटी जायचं नाही. नेहमीच्या गोळ्या आणि नाश्ता घेऊनच जा, विशेषतः डायबेटिस असेल तर. गर्भवतींनी महिना सांगावा. तातडीचे उपचार गर्भारपणात कधीही करता येतात, ‘बाळंत झाल्यावर बघू’ म्हणून पू अंगावर काढायची गरज नाही.

खासगी दवाखाना परवडत नसेल तर

जिल्हा रुग्णालयात, उपजिल्हा आणि बऱ्याच ग्रामीण रुग्णालयांत दंत विभाग असतो. ओपीडी सकाळची. दहाच्या आत केसपेपर काढलात तर त्याच दिवशी दाढ निघण्याची शक्यता जास्त. मुंबईत महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय मुंबई सेंट्रलला आहे आणि शासकीय दंत महाविद्यालय सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरलाही शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. गोव्यात बांबोळीला गोमेकॉशेजारी, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाशेजारी, गोवा दंत महाविद्यालय आहे.

खासगी दंत महाविद्यालयांचा पर्याय लोकांना सुचतच नाही. शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना रुग्ण लागतात, म्हणून तिथले दर बाहेरच्यापेक्षा बरेच कमी असतात. काम विद्यार्थी करतात, पण टप्प्याटप्प्यावर शिक्षक तपासतात. त्यामुळे वेळ मात्र दुप्पट लागतो: एका रूट कॅनालसाठी चार फेऱ्या मारायची तयारी ठेवा. ठणक्याच्या दिवशी जायला ही जागा उत्तमच, कारण एकाच इमारतीत एक्स-रे, सर्जन आणि मुलांचे तज्ज्ञ सगळे सापडतात. रात्री मात्र दंत महाविद्यालय बंद असतं. तेव्हा वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेल्या मोठ्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठायचा.

जबडा मोडणं किंवा गळ्यात उतरलेली सूज यासाठी भरती व्हावं लागलं तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. साधं सिमेंट आणि रूट कॅनाल नेहमीच्या आरोग्य विम्यात सहसा बसत नाही.

दात निखळला किंवा रक्त थांबत नाही

खेळताना मुलाचा कायमचा दात मुळासकट निघून पडला तर पुढचा अर्धा तास फार मोलाचा. दात पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका. माती लागली असेल तर दुधानं किंवा पाण्यानं काही सेकंद धुवा, घासू नका. मूल शुद्धीवर आणि शांत असेल तर लगेच त्या खोबणीत बसवा आणि रुमाल चावायला द्या. नाही जमलं तर थंड दुधाच्या ग्लासात टाकून निघा. कागदात गुंडाळून नेलेला दात वाटेतच सुकतो आणि मुळावरच्या पेशी मरतात. दुधाचा दात पडला असेल तर तो परत बसवायचा नाही, खाली येणाऱ्या दाताला इजा होते. मुलाचं वय सहाच्या आतबाहेर असेल आणि ओळखता येत नसेल तर दुधात घालून डॉक्टरांकडे न्या.

दाढ काढल्यावर रात्री रक्त आलं तर थुंकत बसू नका. थुंकीत मिसळलेलं थोडं रक्तही भरपूर दिसतं, आणि चूळ भरली की जमलेली गुठळी निघते. स्वच्छ गॉजची घडी किंचित ओली करून थेट खड्ड्यावर ठेवा आणि वीस ते तीस मिनिटं दाबून चावून बसा. मध्ये उघडून बघायचं नाही. पुन्हा एकदा तसंच करूनही वाहतच असेल तर डॉक्टरांना फोन लावा, तो उचलला नाही तर अपघात विभाग. दोन-चार दिवसांनी अचानक कानापर्यंत जाणारी कळ सुरू झाली तर खड्डा कोरडा पडलेला असतो. त्याला गोळ्यांपेक्षा दवाखान्यात खड्डा धुऊन आत औषधाची पट्टी ठेवणं लागतं.

कळ थांबली त्या दिवशी

तातडीच्या दिवशी डॉक्टर बऱ्याचदा दाढ वरून उघडतात, आतली सडलेली नस काढतात, औषध ठेवून तात्पुरतं सिमेंट लावतात. दहा मिनिटांत माणूस हसायला लागतो. हे रूट कॅनाल पूर्ण झालेलं नसतं, सुरू झालेलं असतं. ते तात्पुरतं सिमेंट काही आठवड्यांत झिजतं, लाळ आत शिरते आणि तीच दाढ यावेळी सुजेसकट परत येते. नस काढलेली दाढ ठिसूळही होते, म्हणून नंतर कॅप लागते. खर्च एकदम झेपणार नसेल तर तसं स्पष्ट सांगा. टप्पे पाडता येतात, दाढ काढण्याचाही पर्याय असतो, आणि अक्कलदाढ असेल तर तोच बऱ्याचदा शहाणपणाचा.

उठण्याआधी तीन गोष्टी लिहून घ्या: आज काय केलं, काय बाकी आहे, ते किती दिवसांत व्हायला हवं. एक्स-रेचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागून घ्या आणि चिठ्ठीवर दाताचा क्रमांक आहे ना बघा. हे दोन आकडी क्रमांक असतात, पहिला आकडा तोंडाच्या बाजूचा, दुसरा मधल्या रेषेपासून मोजलेल्या दाताचा. ४६ म्हणजे उजवीकडची खालची पहिली मोठी दाढ. काम अर्धं राहून गाव बदललं तरी नव्या डॉक्टरांना तुम्ही ‘४६ उघडलीय, औषध ठेवलंय’ एवढं सांगू शकता.